उतरलेली नाडी

माघातला पहिला सोमवार. बोरदऱ्याच्या मारुतीपुढच्या पारावर मुंगी शिरायला जागा नव्हती. येडशीकडून, रामलिंगाच्या डोंगराकडून बैलगाड्या आल्या होत्या. त्यांत घोंगडीत गुंडाळलेली म्हातारी माणसं होती आणि फणफणलेली लेकरंही होती. पारावर नाडीनाथ महाराज बसले होते. चाळिशीचा गडी, दाढी विंचरलेली, अंगात पायघोळ भगवी कफनी. कफनीच्या बाह्या एवढ्या रुंद, की एकेका बाहीत शाळकरी पोर मावावं.

"बहात्तर हजार नाड्या हायेत माणसात!" महाराज गरजले. "डाक्टर किती मोजतो? एक! एक मोजणाऱ्याला बहात्तर हजारांचा हिसाब काय समजणार?"

लोक हसले. महाराजांनी हसू ओसरू दिलं आणि आवाज खाली आणला.

"जिसकी नाडी दौडती है, त्याचे जादा ठोके मी घेतो. जिसकी डूबती है, त्याला माझे देतो. देताना माझी नाडी रिकामी होती. यकीन न्हाय? या, धरा मनगट! कुनी शिकलेलं हाय का गावात?"

सगळ्या माना माझ्याकडं वळल्या. मी मार्तंड, त्या गावच्या चौथीपर्यंतच्या शाळेचा एकुलता एक मास्तर. हैदराबाद संस्थान विलीन होऊन दहा वर्षं होत आली होती, तरी बोरदऱ्यात सरकारी कागद वाचायला माणसं माझ्याकडंच येत. भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता. हा बाबा लबाड आहे हे मी शाळेत पोरांना सांगितलंही होतं. त्यामुळं मी ताठ मानेनं पारावर चढलो. आता याची फजिती करायची, एवढंच डोक्यात होतं.

महाराजांनी उजवा हात पुढं केला. मी मनगट धरलं. अंगठ्याखाली नाडी टणटण उडत होती. त्यांनी डोळे मिटले, एक दीर्घ हुंकार दिला. माझ्या बोटांखाली नाडी मंद झाली, आणखी मंद झाली, आणि नाहीशी झाली.

मी बोटं सरकवली. दाबून पाहिलं, हलकी ठेवून पाहिलं. काही नाही. हात तेवढा गार पडत चालला होता.

"बोला गुरुजी," महाराज डोळे न उघडता म्हणाले. "हाय का?"

चारपाचशे माणसं श्वास रोखून उभी होती. 

"नाही," मी म्हणालो. "नाडी नाही."

पारापुढं एकच गजर उठला. बाया रडायला लागल्या. पोलीस पाटील आण्णासाहेबांनी फेटा काढून महाराजांच्या पायावर ठेवला. मी खोटं बोललो नव्हतो. पण त्यापुढं आणखी चार शब्द बोलायला हवे होते: कसं, ते कळत नाही. तेवढे बोललो असतो, तर कदाचित एकदोघं तरी थांबले असते. मला लाज वाटली. शिकलेल्या माणसानं भर गर्दीत कळत नाही कसं म्हणायचं? मी गप्प खाली उतरलो.

खाली दगडोबा आणि कडूबाई उभी होती. दगडोबाच्या हातात टोपी होती.

"गुरुजी, तुमी सोता बगितलं?" त्यानं विचारलं.

"बघितलं."

"मग झालं," कडूबाई म्हणाली. तिनं डोळे पुसले. "तुमी म्हनला तर खरंच असंल."

त्यांची लेक शिवगंगा माझ्या शाळेत चौथीत होती. अकरा वर्षांची. सावळी, लांब हातापायांची. पाढे म्हणताना तिला मधेच थांबवलं तर रागवायची आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची. गणपतीनंतर तिचा घसा धरला. पंधरा दिवसांत तो बरा झाला आणि घरच्यांनी तो विषय सोडून दिला. मग एक दिवस तिचा गुडघा सुजला. चार दिवसांनी गुडघा उतरला आणि कोपर सुजलं, मग घोटा. ताप हटेना. चुलीपासून दारापर्यंत आली तरी तिला धाप लागायची, आणि छाती इतकी धडधडायची की परकरावरचं पोलकं नुसतं हलताना दिसायचं.

तिला गाडीत घालून आम्ही येडशीला नेलं. तिथं स्टेशनाच्या मागं डॉक्टर महालिंगप्पा कोऱ्यांचा दवाखाना होता. आळंद भागातला माणूस, मराठी कानडी वळणाची, आणि बोलणं थोडकं. त्यांनी नळी लावून पोरीची छाती फार वेळ ऐकली. मग आम्हाला बाहेर नेलं.

"घशातला रोग बरा झाला असं तुम्हाला वाटलं," ते म्हणाले. "तो सांध्यांत उतरला. आता काळजाला सूज आणली आहे. काळीज सुजलं की त्याची चाल बिघडते. आज नुसतं पळतं आहे. पुढं अडखळेल, आणि अडखळणं वाईट."

"बरी व्हईल का?" दगडोबानं विचारलं.

"पुष्कळ पोरं होतात. पण सहा महिने अंथरूण. चालायचं नाही, खेळायचं नाही. इंजेक्शन मी दर तीन आठवड्यांनी येऊन देईन. तापाच्या आणि सुजेच्या या गोळ्या. आणि ही एक बारीक पांढरी गोळी, रोज अर्धी. ती काळजाला आवरते. सुजलेल्या काळजाला ती फार जपून द्यावी लागते. जास्त झाली तर तीच जीव घेते. नाडी साठाच्या खाली आली तर ती द्यायची नाही, मला कळवायचं."

"नाडी कोन मोजनार? आमाला न्हाय येत," कडूबाई म्हणाली.

"मला येतं मोजायला," आतून शिवगंगा ओरडली.

डॉक्टर प्रथमच हसले. त्यांनी तिला नाडी धरायला शिकवलं आणि मी माझं मनगटी घड्याळ तिच्याकडं दिलं. त्या दिवसापासून ती एका वहीत रोज दुपारी आकडा लिहायची. मी शाळा सुटल्यावर जायचो, तेव्हा ती वही पुढं करायची. एकशे चाळीस. एकशे छत्तीस. एकशे बेचाळीस. तीन महिन्यांत आकडा शंभराच्या खाली काही आला नाही. ताप दोन दिवस उतरायचा, परत चढायचा. डॉक्टर म्हणायचे, थांबा, धीर धरा. कडूबाईनं धरला. एकशे चाळीस ठोक्यांनी हलणारं ते पोलकं बघत तिनं तीन महिने धीर धरला. तिला दोष द्यायची माझी छाती नाही.

मी मनगट धरलं त्याच सोमवारी दुपारी शिवगंगाला पारावर नेलं. महाराजांनी तिचं मनगट धरलं, डोळे मिटले, हुंकार दिला.

"घोडी उधळली!" ते म्हणाले. "मी लगाम घालतो. नऊ दिवसांत चालीला आणतो."

त्यांनी झोळीतून राखेच्या पुड्या काढल्या. "दिवसातून तीनदा, दुधातून. कडू लागंल. पाप कडूच असतं. अन् ऐक माय, डाक्टरला ह्यातलं एक अक्षर सांगायचं न्हाय. सांगितलं की गुन गेला."

पैशाला महाराज हात लावत नसत. त्यामुळं तर लोकांचा विश्वास दुप्पट झाला होता. त्यांना पारावरची ती जागा हवी होती, आणि पायाशी टेकलेले फेटे.

कडूबाईनं दोन्ही चालू ठेवलं. डॉक्टरांची गोळी सकाळी, महाराजांची पुडी तीन वेळा. दोन्ही वाटांनी लेक वाचत असेल तर एक वाट बंद करायची कशाला, असा तिचा सरळ विचार.

आणि नाडी उतरली.

हे मला लिहायलाच हवं, कारण इथंच माणसं फसतात. दुसऱ्या दिवशी एकशे सव्वीस, तिसऱ्या दिवशी एकशे दहा, चौथ्या दिवशी शहाण्णव. पाचव्या दिवशी मी गेलो तर शिवगंगा भिंतीला टेकून बसली होती. पोलकं हलत नव्हतं.

"गुरुजी, चौऱ्याऐंशी!" ती म्हणाली. "शहाण्णवातून चौऱ्याऐंशी गेले, बारा उरले. रोज बारा उतरले तर सात दिवसांत शून्य!"

तिला तो हिशेब गमतीचा वाटला. मीही हसलो. देवा, मी हसलो.

गावभर बातमी गेली. आण्णासाहेबांनी मारुतीला नारळ फोडला. दगडोबानं महाराजांच्या बसायला नवं घोंगडं नेऊन दिलं. माझ्या मनात पाल चुकचुकत होती, पण आकडे तर तिच्याच हातचे होते. मी शिकवलेले आकडे. त्यांच्याशी कसं भांडायचं?

सहाव्या दिवशी तिनं दूध ओकलं. सातव्या दिवशी पेज ओकली. म्हणाली, "आई, दुधात हळद का घातलीस?" दूध पांढरंशुभ्र होतं. मग भिंत पिवळी दिसायला लागली, आईचं लुगडं पिवळं दिसायला लागलं. दगडोबा पळत पारावर गेला.

"विकार भाईर पडतोय," महाराज म्हणाले. "पिवळा रंग खंडोबाच्या भंडाऱ्याचा. देव उतरतोय तिच्यात. पुडी दुप्पट करा."

त्या दिवशी वहीत आकडा होता अठ्ठावन. साठाच्या खाली. कडूबाईला डॉक्टरांचं बोलणं बरोबर आठवलं. तिनं पांढरी गोळी बंद केली. कळवायचं मात्र राहिलं. कळवायला गेलं तर पुडीचं सांगावं लागणार, आणि सांगितलं की गुण जाणार. पुडी बंद करायचं तर तिच्या मनातही आलं नाही. पुढं ती मला म्हणाली, "गुरुजी, औशद तेवडं बंद करायचं हुतं. पुडी औशद थोडीच हुती?"

दोन दिवस मी तालुक्याला शाळा तपासणीच्या कामाला गेलो होतो. नवव्या दिवशी सकाळी परत आलो आणि शाळा उघडायच्या आधी तिच्याकडं गेलो. ती उताणी पडली होती. ओठ राखेसारखे झाले होते. मला बघून तिनं उशाखालची वही ओढली, पण उचलता येईना. मीच उघडली.

बावन्न. पुढच्या ओळीत, रात्री पुन्हा मोजलेले चव्वेचाळीस. आणि त्याखाली तिनं आकड्याऐवजी टिंबं काढली होती. दोन टिंबं, मग मोकळी जागा. तीन टिंबं, मोकळी जागा. एक टिंब, आणि बरीच मोठी मोकळी जागा.

"मधेच गळतोय," ती म्हणाली. "मोजताच येईना गुरुजी. मी परत पहिल्यापासून मोजते, तरी गळतोय."

मी सायकल काढली. येडशीपर्यंतचे ते अडीच कोस मी कसे गेलो हे मला आठवत नाही. डॉक्टर दुसऱ्या रोग्याला तपासत होते. माझं तोंड बघून ते तसेच उठले. स्टेशनावरच्या टांग्यानं आम्ही परत आलो. सायकल तिथंच पडून राहिली.

आम्ही पोचलो तेव्हा ऊन चांगलं वर आलं होतं. डॉक्टरांनी नळी लावली. मी त्यांच्या चेहऱ्याकडं बघत होतो. एवढ्यात शिवगंगानं डोळे मोठे केले, आईचा हात घट्ट धरला आणि म्हणाली, "आता लई पळतंय." मुठीत धरलेली चिमणी फडफडावी तशी तिच्या गळ्याची शीर फडफडली. मग मान कलली.

डॉक्टरांनी तिला जमिनीवर घेतलं, छातीत सुई दिली, पाठीखाली हात घालून श्वास चालवायचा यत्न केला. बराच वेळ. कपाळावरून त्यांचा घाम तिच्या पोलक्यावर टपटपत होता. शेवटी ते टाचांवर बसले आणि त्यांनी कानातली नळी काढली.

कडूबाई रडली नाही. तिनं लेकीचा परकर पायांवर नीट ओढला.

बाहेर माणसं जमली. पारावरून महाराजांचा निरोपही लगेच आला: डाक्टरच्या गोळीनं पोर मारली, महाराजांनी चालीला आणलेली नाडी त्यानं तोडली. दोघं गडी काठ्या घेऊन पुढं सरसावले. दगडोबा उंबऱ्यात आडवा झाला, म्हणून डॉक्टर वाचले.

डॉक्टरांनी तिकडं लक्षच दिलं नाही. त्यांच्या हातात वही होती. ते पान उलटत होते, मागं जात होते, पुन्हा पुढं येत होते.

"कडूबाई," ते म्हणाले, "माझी अर्धी गोळी तीन महिने चालू होती, तेव्हा नाडी एवढी उतरली नाही. गेल्या नऊ दिवसांत दुसरं काय दिलंत?"

कडूबाईनं दगडोबाकडं बघितलं. दगडोबानं मान खाली घातली. मग ती उठली आणि देवाच्या कोनाड्यातली उरलेली पुडी आणून तिनं डॉक्टरांच्या हातावर ठेवली.

डॉक्टरांनी राख उन्हात पसरली. बोटानं चाळली. राखेत पांढरट, तेलकट कण होते. त्यांनी एक कण जिभेच्या टोकाला लावला आणि लगेच थुंकला.

"तिला पिवळं दिसत होतं का?"

"व्हय."

"ओकत होती?"

"व्हय."

"बिट्टी," डॉक्टर म्हणाले. "पिवळी कण्हेर. बांधावर असते, ढोरं तोंड लावत नाहीत. तिच्या बियांचा गर आहे यात. माझी पांढरी गोळी आणि हा गर, दोन्ही काळजाची चाल आवरतात. गोळी किती द्यायची ते मापलेलं असतं. याला माप नाही. थोडा पोटात गेला की पळणारी नाडी उतरते, म्हणून माणसाला वाटतं गुण आला. आणखी गेला की ठोके गळायला लागतात. आणि सुजलेलं, तापानं शिणलेलं काळीज असलं, तर ते तोल सोडतं आणि नुसतं फडफडतं. आत्ता बघितलंत ना, तसं."

कडूबाई त्यांच्यासमोर बसली.

"म्हंजी म्या मारलं?"

डॉक्टरांनी वही मिटली. खोटा धीर देणारा तो माणूस नव्हता.

"तिचा रोग मुळातच मोठा होता," ते सावकाश म्हणाले. "मी तिला वाचवलीच असती असं मी म्हणणार नाही. पण नऊ दिवसांपूर्वी ती जगत होती, बाई, आणि पुड्या दिल्या नसत्या तर आज तिला जायचं कारण नव्हतं. तुम्ही तिला जगवायला म्हणून दिलंत. ज्यानं पुडीत काय आहे ते लपवलं, त्यानं मारलं. आणि दुसरं काही देता का, हे दर खेपेला विचारायला हवं होतं मी. नाही विचारलं."

"पण मी बघितलं होतं," मी मधेच म्हणालो.  "त्याची नाडी खरंच थांबली होती. माझ्या बोटांखाली थांबली, डॉक्टर."

 डॉक्टरांनी चुलीजवळच्या टोपलीतला एक कांदा उचलला, माझ्या उजव्या काखेत ठेवला आणि दंड अंगाशी आवळला. "दाबा. जोरात." माझाच डावा हात घेऊन त्यांनी माझ्या उजव्या मनगटावर ठेवला.

नाडी मंद झाली. नाहीशी झाली.

"काखेतून शीर जाते," ते म्हणाले. "ती दाबली की हातात रक्त उतरत नाही. काळीज चालूच असतं. त्याच्या छातीला कान लावला होतात का गुरुजी?"

मी कांदा हातात घेऊन त्या घरात उभा होतो. समोर शिवगंगा झाकलेली होती. मी ढसढसा रडलो. लावायला हवा होता. साधा कान लावायचा होता.

पोरीला माती दिली. दिवस झाले. महाराजांनी तोवर बोरदरा सोडून दोन कोसांवरच्या आठवडी बाजाराच्या गावी बस्तान हलवलं होतं. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी कडूबाई माझ्या दारात आली.

"आज त्या गावचा बाजार हाय. मला तितं न्या. डाक्टरलाबी बलवा."

"कशाला कडूबाई? लोक अंगावर येतील."

"येऊ द्या."

आम्ही गेलो. दगडोबा, कडूबाई, डॉक्टर आणि मी. आण्णासाहेबही आले. पाटील म्हणून नव्हे, फेटा पायावर ठेवल्याची टोचणी म्हणून. बाजारात देवळापुढं तीच गर्दी, तीच कफनी, तेच बहात्तर हजार. पुढंच एक बाई बसली होती, मांडीवर तापानं लाल झालेलं दोन वर्षांचं लेकरू. तिच्या पदराला पुडी बांधलेली दिसत होती.

महाराजांनी नेमका पुकारा केला, "यकीन न्हाय? या, धरा मनगट!"

"म्या धरते," कडूबाई म्हणाली आणि पुढं गेली.

महाराजांनी तिला ओळखलं. हात मागं घेतला. पण पाचशे माणसं बघत होती. त्यांनी हात पुढं केला, हुंकार दिला. कडूबाईनं मनगट धरून मान हलवली. "बंद झाली."

गजर उठला. तो चालू असतानाच डॉक्टर पायऱ्या चढले, कफनीच्या गळ्यातून नळी छातीला लावली आणि कानातली टोकं आण्णासाहेबांच्या कानांत घातली.

"काय ऐकू येतं पाटील?"

आण्णासाहेबांचा चेहरा बदलला. "अरं तिच्या! ढोलावानी वाजतंय की!"

"महाराज, हात वर करा," मी म्हणालो.

"समाधी मोडू नका! वाटोळं व्हईल गावाचं!" महाराज ओरडले. दंड मात्र अंगाशीच. आण्णासाहेबांनीच तो दंड धरून वर उचलला. कफनीच्या आत, काखेत, चिंध्यांचा शिवलेला टणक गोळा होता. तो दोऱ्यानं लोंबत राहिला.

 गर्दीत कुरकुर सुरू झाली. "त्यात काय, देवाची खूण असंल." "डाक्टरची चाल हाय ही." मागून एकानं दगडही उचलला.

तेव्हा कडूबाई बाजूच्या माळणीकडं वळली. तिच्या ढिगातला एक कांदा तिनं उचलला, चोळीच्या काखेत धरला आणि दंड आवळला. पुढं बसलेल्या त्या लेकुरवाळीजवळ ती खाली बसली.

"धर बाई माझं मनगट."

त्या बाईनं भीत भीत धरलं. तिचे डोळे विस्फारले.

"हाय का नाडी?"

"न्हाय..."

"बगा," कडूबाई म्हणाली. तिचा आवाज मोठा नव्हता, पण सगळ्यांना ऐकू गेला. "म्याबी थांबवली. म्या काय देव झाले? माझ्या लेकीचीबी थांबली. पर तिनं काखंत काय धरलं नव्हतं."

दगड उचललेल्या माणसानं तो हळूच खाली ठेवला.

आण्णासाहेबांनी झोळी उलटी केली, तेव्हा तीतून राख निघाली, आणि बिट्टीच्या फोडलेल्या बियांची टरफलं निघाली. महाराज मग खरं बोलले. पूर्वी ते एका वैदूबरोबर हिंडायचे. कण्हेरीनं धडधड बसते हे तिथं पाहिलेलं, काखेची करामत एका डोंबाऱ्याकडून शिकलेली. "माझा वाईट हेतू नव्हता," ते हात जोडून सारखं म्हणत होते. "नाडी उतरायची, लोक पाया पडायचे, मला वाटायचं आपल्यालाच काहीतरी साधलंय." त्यातलं किती खरं ते मला माहीत नाही. पोलीस त्यांना धाराशिवला घेऊन गेले. फसवणुकीची थोडीशी शिक्षा झाली. शिवगंगाच्या मरणाबद्दल काही झालं नाही. तिला तर न तपासताच माती दिली होती, आणि पुडीनंच ती गेली हे दाखवायला बाकी राहिली ती फक्त पोरीनं लिहिलेली वही. कोर्टात म्हणाले, पोराच्या आकड्यांचा पुरावा होत नाही.

परत निघताना एक म्हातारा माझ्याजवळ आला आणि कुजबुजला, "बाबा खोटा निगाला गुरुजी, पर पुडी खरी हुती बगा. नाडी उतरली हुती की न्हाय पोरीची?" मी त्याच्यावर ओरडलो नाही. रस्त्याच्या कडेला बसलो, त्यालाही बसवलं आणि पुडी खरी होती म्हणूनच ती गेली, हे त्याला पहिल्यापासून सांगितलं. त्याला कळेपर्यंत ऊन उतरलं. घाई करून भागत नाही, हे मी त्या दिवशी शिकलो.

त्याआधी, झोळी उलटली तेव्हाच, मांडीवर लेकरू घेतलेल्या त्या बाईनं पदराची गाठ सोडायला घेतली होती. गाठ काही सुटेना. कडूबाईनं दातांनी ती सोडली, पुडी मातीत रिकामी केली, वरून पाय फिरवला. मग लेकरू स्वतःच्या खांद्यावर घेऊन ती डॉक्टरांच्या टांग्याकडं चालायला लागली. लेकराचा गरम गाल तिच्या मानेवर टेकला, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा ती मोठ्यानं रडली.

वाचकहो, तुमच्या घरात लेकराचा घसा धरला आणि मागून सांधे सुजले, ताप हटेना, छाती धडधडायला लागली, तर ते दैव नव्हे, देवीचा कोपही नव्हे. तो आजार आहे, आणि त्यावर इलाज आहे, पण तो हळू चालतो. मधल्या काळात कुणी पुडी घेऊन येईल. तिच्यानं गुण आल्यासारखंही वाटेल. गुण आला हा पुरावा मानू नका. पुडीत काय आहे ते विचारा, किती द्यायचं आणि का तेवढंच ते विचारा. आणि घरात लेकराला जे जे देता ते डॉक्टरांना सांगा, विचारलं नाही तरी सांगा. कुणी सांगू नका म्हणाला, किंवा विचारलं म्हणून चिडला, तर त्याच्याशी वादही घालत बसू नका. लेकरू उचला आणि चालायला लागा.